प्रेशर वाढलं म्हणजे कॉलम गेलाच, असं नाही

एचपीएलसीवर, म्हणजे पंपाच्या दाबाने द्रव ढकलून मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: प्रेशर वाढलं की कॉलम (घटक जिथे वेगळे होतात ती भरीव नळी) संपला, नवा लावा. हा समज निराधार नाही. कॉलमच्या तोंडाची फ्रिट, म्हणजे बारीक छिद्रांची चकती, खरोखरच चोंदते. पण पडद्यावरचा आकडा पंपापासून डिटेक्टरपर्यंतच्या सगळ्या वाटेचा अडथळा दाखवतो, एकट्या कॉलमचा नाही.

आधी मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) बदललाय का, ते पाहा. मिथेनॉल आणि पाणी साधारण निम्मं-निम्मं मिसळलं की मिश्रणाची विष्यंदिता (दाटपणा) दोघांपेक्षाही जास्त होते, मग त्याच फ्लोला प्रेशर चढणारच. कॉलम ओव्हन बंद राहिला तरी तेच.

ते कारण नसेल, तर शेवटाकडून मागे या. पंप थांबवून कॉलममधून डिटेक्टरकडे जाणारी नळी सोडा आणि पुन्हा नेहमीचा फ्लो द्या. आकडा एकदम उतरला, तर अडथळा त्या नळीत किंवा डिटेक्टरच्या सेलमध्ये. नाही उतरला, तर कॉलम काढून पंप चालवा. तरीही प्रेशर चढंच राहिलं, तर दोष कॉलमच्या आधीच्या भागात: इंजेक्टर (नमुना सोडणारा भाग), इनलाइन फिल्टर किंवा पंपाकडच्या नळ्यांत. अगदी थोडं उरलं, तरच संशय कॉलमवर. त्यातही गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधी लावलेला छोटा संरक्षक कॉलम) असेल तर आधी तो काढून बघा, कचरा बहुतेकदा तिथेच अडतो.

फॉस्फेट बफर (क्षार असलेलं द्रावण) वापरल्यानंतर थेट शुद्ध ॲसिटोनायट्राइल मात्र सोडू नका, क्षार आतच बसतात. बफरच्या जागी साधं एचपीएलसी ग्रेड पाणी घेऊन त्याच प्रमाणात आधी धुवा, मगच ॲसिटोनायट्राइलसारखा सॉल्व्हंट वाढवा.