पार्श्वभूमी : मज्जासंस्थेचे पहिले २८ दिवस आणि फॉलिक ॲसिडची गोळी

रेशनच्या फोर्टिफाइड, म्हणजे लोह आणि जीवनसत्त्वे मिसळलेल्या तांदळावर आपल्याकडे काही वर्षे वाद चालू आहे. हिमोग्लोबिन किती वाढले, जादा लोहाचे काय होते, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांनी तो खावा का, असे त्यातले प्रश्न. त्याच तांदळात फॉलिक ॲसिडही असते, त्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. अमेरिका, कॅनडा, चिली या देशांनी पिठात फॉलिक ॲसिड सक्तीचे केले ते बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू नीट घडावा म्हणून. आपल्याकडे हे जीवनसत्त्व रक्तवाढीच्या गोळीतून आले आणि आजवर त्याच खात्यात राहिले. हे असे का झाले, त्याची ही हकिकत.

आधी वेळापत्रक पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भ जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो. त्याच्या पाठीकडच्या पेशींचा एक पट्टा जाड होतो, मधोमध खोलगट होतो आणि त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात. साधारण २२व्या दिवशी या कडा मानेच्या जागी एकमेकींना भिडतात आणि तिथून वर डोक्याकडे व खाली शेपटाकडे, स्वेटरची चेन लागत जावी तशी नळी मिटत जाते. डोक्याकडचे तोंड २५व्या दिवसाच्या आसपास मिटते, खालचे २८व्या दिवसापर्यंत. हीच न्यूरल ट्यूब. तिच्या वरच्या भागाला फुगवटे येऊन मेंदू होतो, उरलेल्या नळीचा मज्जारज्जू. नळी मिटताना कडांवरून सुटणाऱ्या पेशी शरीरभर पसरतात. त्यांच्यापासून मेंदूबाहेरच्या बऱ्याच चेतापेशी बनतात, आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशीही.

वरचे तोंड उघडे राहिले तर कवटी आणि मेंदूचा मोठा भाग बनतच नाही, असे बाळ जगत नाही. खालचे राहिले तर पाठीवर उघडी जागा किंवा पाण्याची गाठ घेऊन बाळ जन्मते. हा स्पायना बिफिडा. पायांत ताकद नसणे, लघवी-शौचावर ताबा नसणे, मेंदूत पाणी साठणे हे त्या बाळाच्या वाट्याला येते. शस्त्रक्रियेने गाठ झाकता येते, पण निकामी झालेल्या नसा परत येत नाहीत.

पाळी नियमित असेल तर हा २८वा दिवस पाळी चुकल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येतो. म्हणजे बाईला शंका येऊन, तपासणी होऊन, घरात बातमी कळेपर्यंत नळी मिटलेली असते किंवा कायमची उघडी राहिलेली असते.

फॉलिक ॲसिडची गोष्ट मात्र मुंबईत आणि रक्तापासूनच सुरू झाली. १९२८मध्ये एक इंग्रज महिला डॉक्टर इथे आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक विशिष्ट पंडुरोग होत होता, रक्तपेशी मोठ्या आणि कमी, आणि त्यात अनेकजणी दगावत. तिने आधी जंतुसंसर्ग शोधला, मग आहाराकडे वळली. ब्रिटनमध्ये ब्रेडला फासतात तो स्वस्त, काळपट यीस्टचा अर्क दिल्यावर या बायका बऱ्या होतात, हे तिने १९३१मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे १९४१मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून वेगळा काढला गेला. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, त्यावरून त्याला फॉलिक हे नाव पडले. मुंबईच्या त्या बायकांच्या आजारपणातून जगाला हे जीवनसत्त्व मिळाले, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत यायला हवी.

मज्जासंस्थेशी त्याचा संबंध कळायला आणखी वीस-तीस वर्षे लागली. १९५०च्या दशकात फॉलिक ॲसिडला अडवणारे एक औषध गर्भपातासाठी वापरले गेले. जे गर्भ तरीही टिकले त्यांच्यात गंभीर व्यंगे दिसली. १९६५मध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी दाखवले, की मज्जासंस्थेचे व्यंग असलेली बाळे झालेल्या मातांच्या शरीरात फॉलिक ॲसिडचा वापर नीट होत नसल्याच्या खुणा जास्त आढळतात. १९८०मध्ये ब्रिटनमध्येच एक चाचणी झाली. आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांना पुढच्या गर्भधारणेआधी जीवनसत्त्वे दिली, आणि पुन्हा व्यंग होण्याचे प्रमाण खूपच खाली आले. पण नैतिक समित्यांनी तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी देऊ दिली नव्हती, त्यामुळे चिठ्ठ्या टाकून गट पाडता आले नव्हते. गोळ्या घेणाऱ्या मुळातच जास्त जागरूक असतील, असा आक्षेप आला आणि निकाल अधांतरी राहिला.

मग सात देशांतल्या ३३ केंद्रांवर रीतसर चाचणी झाली. १८१७ स्त्रिया, चार गट, दिवसाला ४ मिलिग्रॅम. १९९१मध्ये ती मुदतीआधीच थांबवली, कारण आणखी कोणाला फॉलिक ॲसिडविना ठेवणे अन्यायाचे ठरले असते. २७ बाळांना व्यंग होते. त्यातली ६ फॉलिक ॲसिडच्या गटांत, २१ इतरांत. ७२ टक्के संरक्षण. भारतातही तशीच चाचणी चालू होती, ती या निकालानंतर आटोपती घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी हंगेरीतून कळले, की आधी असे बाळ न झालेल्या स्त्रियांतही कमी डोस पुरतो. मग चीनच्या उत्तर भागात दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमवर ७९ टक्के घट दिसली.

आता प्रश्न उरला तो गोळी वेळेत पोटात कशी जाणार याचा. बरीच गर्भधारणा न ठरवता होते, म्हणून अमेरिकेने १९९८पासून पिठातच ते सक्तीचे केले : १०० ग्रॅमला १४० मायक्रोग्रॅम. कॅनडात पिठात ते सक्तीचे झाल्यावर अशा व्यंगांचे प्रमाण ४६ टक्क्यांनी घटले. ज्या ब्रिटनने हे सिद्ध केले, तिथे मात्र निर्णयाला २०२१ उजाडले आणि पिठाच्या गिरण्यांना २०२६च्या अखेरीपर्यंत मुदत मिळाली. मधल्या तीस वर्षांत तिथे जी बाळे पाठीवर गाठ घेऊन जन्मली, त्यांतली कितीतरी टळली असती. आडवे आले ते दुसरे एक जीवनसत्त्व, बी-१२. जादा फॉलिक ॲसिडमुळे बी-१२च्या कमतरतेचा पंडुरोग झाकला जातो आणि आत नसा खराब होत राहतात, ही भीती.

ही भीती आपल्याकडे जास्त गंभीरपणे घ्यावी लागते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून गरोदर मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास झाला. दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते आणि फोलेट (अन्नातले आणि शरीरातले फॉलिक ॲसिड) कमी असलेली माता फक्त एक निघाली. ज्या मातांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचे, म्हणजे मधुमेहाकडे झुकण्याचे, प्रमाण सर्वात जास्त होते. नळी मिटण्यासाठीही बी-१२ लागते, हे आयर्लंडमधल्या अभ्यासातून दिसले आहे. त्यामुळे इथे नुसते फॉलिक ॲसिड वाढवून भागणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर दोन्ही एकत्र आणि पुरेसे देणे हे आहे. दोन्ही नाममात्र ठेवून काही साधत नाही.

तांदळात नेमके तेच झाले. तांदळाच्या पिठात जीवनसत्त्वे कालवून, यंत्रातून दाण्याच्या आकाराचे दाणे पाडतात आणि शंभराला एक असे मिसळतात. पाण्यात काही दाणे तरंगतात, म्हणून गावोगाव 'प्लास्टिकचा तांदूळ' अशी आवई उठली आणि बायका ते वेचून टाकू लागल्या. ठरलेले प्रमाण असे : किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२. म्हणजे दिवसाला अर्धा किलो तांदळाचा भात खाणाऱ्या बाईला फार तर ६२ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मिळणार. हवेत ४००. अमेरिकेच्या पिठात किलोला १४०० असते. बी-१२ही रोजच्या गरजेच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास अडकते.

गोळीची गत वेगळी नाही. १९७०पासूनच्या कार्यक्रमात लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आहे, म्हणजे मात्रा भरपूर. पण ती लाल गोळी रोज सुरू होते चौथ्या महिन्यात, कारण रक्ताची गरज तेव्हा वाढते. गर्भधारणेआधी आणि पहिले तीन महिने ४०० मायक्रोग्रॅमची वेगळी गोळी घ्यावी, हे मार्गदर्शक सूचनांत आहे.  मात्र नोंदणी बारा आठवड्यांच्या आत झाली की 'लवकर' धरली जाते, आणि पाळीपासून मोजले तर नळी मिटते सहाव्या आठवड्यात. आशाताई कितीही धावपळ करो, हे अंतर तिच्या हातात नाही. नवविवाहितांच्या भेटीतच ही गोळी सुरू झाली, तरच ती वेळेवर पोचते.

२०२४मध्ये फोर्टिफाइड तांदळाला डिसेंबर २०२८पर्यंत मुदतवाढ मंजूर झाली, प्रमाण न बदलता. त्याआधी मे २०२३मध्ये जागतिक आरोग्य सभेने न्यूरल ट्यूबची व्यंगे रोखण्यासाठी अन्नात फॉलिक ॲसिड घालण्याचा ठराव केला होता. २०२४मध्येच दक्षिण भारतातल्या काही खेड्यांतला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. आयोडीनच्या मिठातच फॉलिक ॲसिड घालून चार महिने वापरल्यावर स्त्रियांच्या रक्तातली फोलेटची पातळी तिपटीहून अधिक वाढली होती. मीठ तर रेशनकार्ड असो-नसो प्रत्येक घरात जाते. त्यात बी-१२ही घालता येईल का, हे आता तपासायला हवे.