तजवीज एकाची, सत्ता दुसऱ्याची : तुर्कस्तानातल्या सत्तांतरांची पार्श्वभूमी

तुर्कस्तानात सरकारांना क्रमांक असतात. १९२३ साली प्रजासत्ताकाची घोषणा झाली तेव्हाचं इस्मेत इनोनू यांचं सरकार पहिलं, बिनाली यिल्दिरिम यांचं पासष्टावं. ९ जुलै २०१८ रोजी पंतप्रधानपदच रद्द झालं आणि मोजणी तिथे थांबली. ९५ वर्षांत ६५ सरकारं म्हणजे सरासरीने दीड वर्षसुद्धा नाही. पण ही सरासरी फसवी आहे. अदनान मेंदेरेस यांनी सलग दहा वर्षं राज्य केलं, रेजेप तय्यिप एर्दोगान यांच्या सत्तेला दोन दशकं उलटून गेली, आणि १९७७ मधल्या एका सरकारचा निकाल महिन्याभरातच लागला.

तिथली सरकारं कधी मतपेटीने बदलली, कधी लष्कराने, हे सर्वज्ञात आहे. मला त्याहून लक्षणीय वाटते ती दुसरीच गोष्ट. मागचं संकट पुन्हा येऊ नये म्हणून प्रत्येक राज्यकर्त्याने नियमांत काहीतरी तजवीज करून ठेवली, आणि तिचा लाभ बहुतेकदा त्यालाच झाला ज्याला रोखायचं होतं, किंवा अशा कुणाला जो तोवर कुणाच्या खिजगणतीतही नव्हता.

पहिली २७ वर्षं एकाच पक्षाची. मुस्तफा केमाल यांनी १९२२ मध्ये सुलतानशाही आणि ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत संपवली. भारतातल्या खिलाफत चळवळीच्या पायाखालची जमीनच त्यामुळे सरकली. (शेवटच्या खलिफाची मुलगी दुर्रुशेवर पुढे हैदराबादच्या निजामाची सून झाली, मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.) केमाल यांच्या रिपब्लिकन पीपल्स पार्टीला, म्हणजे जेहेपेला, विरोधी पक्ष काढून पाहण्याचे दोन प्रयोग झाले, १९२४ आणि १९३० मध्ये. दोन्ही गुंडाळले गेले. १९३८ मध्ये केमाल अतातुर्क गेले आणि इनोनू राष्ट्राध्यक्ष झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर इनोनूंनी बहुपक्षीय निवडणुकांना वाट मोकळी केली. मात्र १९४६ ची पहिली निवडणूक अजब होती : मतदान उघड, मोजणी गुप्त. निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्यावर इतकी टीका झाली की १९५० मध्ये गुप्त मतदान आणि उघड मोजणी आली. जागावाटपाची पद्धत मात्र जुनीच राहिली. ज्या प्रांतात ज्या पक्षाला जास्त मतं, त्या प्रांतातल्या सगळ्या जागा त्याच्या. सत्तेत कायम आपणच राहू अशी खात्री असलेल्या पक्षाला ही पद्धत सोयीचीच वाटते. १४ मे १९५० रोजी मेंदेरेस आणि जलाल बायार यांच्या डेमोक्रॅट पार्टीला सुमारे ५३ टक्के मतं आणि चारशेहून अधिक जागा मिळाल्या. जेहेपेला मतं जवळजवळ ४० टक्के, जागा फक्त ६९. इनोनूंनी निकाल मान्य केला आणि ते विरोधी बाकावर जाऊन बसले. त्या पिढीच्या राज्यकर्त्यांत असं उदाहरण विरळा, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मेंदेरेस यांनी महिन्याभरातच अरबी भाषेतल्या अजानवरची बंदी उठवली. खेड्यापाड्यांत रस्ते आणि ट्रॅक्टर पोचले, १९५२ मध्ये देश नाटोत गेला. पण दशकाच्या उत्तरार्धात महागाई वाढली आणि पत्रकार तुरुंगात जाऊ लागले. १९५७ मध्ये मतं ४८ टक्क्यांवर घसरली, तरी त्याच जुन्या पद्धतीने ६१० पैकी ४२४ जागा दिल्या. एवढं बळ हाताशी असल्यावर विरोधकांची चौकशी करणारी समितीच १९६० च्या एप्रिलमध्ये संसदेत नेमली गेली. २७ मे रोजी पहाटे लष्कराने सत्ता घेतली. रेडिओवर घोषणा वाचणारा आवाज कर्नल अल्पारस्लान तुर्केश यांचा होता. हे नाव पुन्हा येणार आहे. यासिआदा बेटावर खटला चालला आणि सप्टेंबर १९६१ मध्ये मेंदेरेस व त्यांचे दोन मंत्री फासावर गेले. बायार वयामुळे वाचले.

नव्या, १९६१ च्या संविधानाचा सगळा रोख पुन्हा मेंदेरेस होऊ नये यावर होता. वरिष्ठ सभागृह आलं, संविधान न्यायालय आलं, प्रमाणशीर प्रतिनिधित्व आलं. नागरी हक्कांच्या बाबतीत ते देशातलं सर्वांत उदार संविधान होतं, हे आजही बरेच तुर्की अभ्यासक मानतात. पण फासावर दिलेल्या नेत्याचा मतदार तसाच शिल्लक होता. सुलेमान देमिरेल या धरणं बांधणाऱ्या इंजिनिअरने तो जस्टिस पार्टीखाली गोळा केला आणि १९६५ मध्ये स्वबळावर सत्ता मिळवली. १२ मार्च १९७१ रोजी सेनापतींनी रणगाडे न काढता केवळ निवेदन धाडलं, दुपारच्या बातम्यांत ते वाचलं गेलं आणि देमिरेल राजीनामा देऊन निघून गेले. ‘टोपी उचलून गेले’ हा टोमणा त्यांना जन्मभर चिकटला.

तिथून १९८० च्या सप्टेंबरपर्यंत साडेनऊ वर्षांत ११ सरकारं झाली. प्रमाणशीर पद्धतीत कुणाला बहुमत मिळेना आणि देमिरेल व बुलेंत एजेवित एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते. एजेवित कवी, पत्रकार, रवींद्रनाथांच्या कवितांचे तुर्की अनुवादक. त्यांनी १९७२ मध्ये खुद्द इनोनूंना जेहेपेच्या अध्यक्षपदावरून हटवलं होतं. १९७४ मध्ये हा धर्मनिरपेक्ष कवी इस्लामवादी नेजमेत्तिन एर्बाकान यांच्यासोबत सत्तेत बसला. जुलैमध्ये सायप्रसमध्ये सैन्य उतरलं आणि एजेवित रातोरात वीर ठरले. लगेच निवडणूक झाली तर आपल्याला एकहाती बहुमत मिळेल या हिशेबाने त्यांनी सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. बाकीच्या पक्षांना तो हिशेब कळत होताच. त्यांनी निवडणूक होऊ दिली नाही. मधल्या काळात सादी इर्माक यांचं सरकार आलं. विश्वासदर्शक ठरावावर त्यांना अवघी १७ मतं पडली, तरीही पर्याय नसल्यामुळे ते काही महिने खुर्चीत राहिले. मग देमिरेल यांनी ‘राष्ट्रवादी आघाडी’ बांधली, आणि तिच्यात उपपंतप्रधान कोण? १९६० ची घोषणा वाचणारे तुर्केश. ज्या मेंदेरेसचा वारसा देमिरेल सांगत, त्याला पदच्युत करणारा माणूस त्यांच्या शेजारी!

१९७७ मध्ये एजेवितना ४५० पैकी २१३ जागा मिळाल्या, बहुमताला १३ कमी. पहिलं अल्पमतातलं सरकार विश्वासमतातच पडलं. डिसेंबरमध्ये इस्तंबूलच्या फ्लोर्यात, मार्मारा समुद्राजवळच्या ग्युनेश मोटेलमध्ये त्यांनी जस्टिस पार्टी सोडलेल्या खासदारांशी बोलणी केली. हॉटेलातलं राजकारण मराठी वाचकाला उलगडून सांगायला नको. असे अकरा जण होते. देमिरेल सरकार वर्षअखेरीस पडलं, जानेवारी १९७८ मध्ये एजेवित पंतप्रधान झाले आणि अकरापैकी दहा जण मंत्री झाले. स्वच्छ प्रतिमेच्या नेत्याला हा डाग पुढे धुता आला नाही. ‘ग्युनेश मोटेल’ हा शब्द तुर्की राजकारणात आजही शिवीसारखा वापरतात.

रस्त्यांवर तोवर डाव्या-उजव्या टोळ्यांचं रक्त सांडत होतं. डिसेंबर १९७८ मध्ये माराश शहरात शंभरहून अधिक लोक मारले गेले, त्यांत बहुतांश अलेवी या अल्पसंख्य पंथाचे होते. जुलै १९८० मध्ये माजी पंतप्रधान निहात एरिम यांना गोळ्या घातल्या. आणि संसद काय करत होती? एप्रिल १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षांची मुदत संपली, नवा निवडायचा होता. शंभरहून अधिक फेऱ्या झाल्या तरी कुणालाही पुरेशी मतं मिळाली नाहीत. १२ सप्टेंबरला जनरल केनान एव्रेन आले तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, हे आज कबूल करायला अवघड असलं तरी खरं आहे. लाखोंची धरपकड आणि कोठडीतले छळ नंतर उजेडात आले.

एव्रेन यांचं १९८२ चं संविधान म्हणजे ७० च्या दशकावरचा उतारा. राष्ट्राध्यक्ष चार फेऱ्यांत निवडला नाही तर संसद बरखास्त. निवडणूक कायद्यात देशभरात १० टक्के मतं मिळवल्याशिवाय एकही जागा नाही, म्हणजे छोट्या पक्षांची कटकट मिटली. जुने पक्ष बंद, जुने नेते दहा वर्षं राजकारणाबाहेर. सार्वमतात होकाराची मतपत्रिका पांढरी होती आणि नकाराची निळी. लिफाफा एवढा पातळ की आतला निळा रंग बाहेरून दिसे. विरोधी प्रचाराला बंदी होती. ९१ टक्क्यांहून अधिक होकार आला आणि त्याच मतात एव्रेन राष्ट्राध्यक्षही झाले.

१९८३ च्या निवडणुकीला तीनच पक्षांना परवानगी होती. त्यांतला एक निवृत्त जनरलचा आणि लष्कराचा लाडका. मतदानाला दोन दिवस असताना एव्रेन यांनी दूरचित्रवाणीवर दुसऱ्या एका पक्षाच्या तुर्गुत ओझाल यांच्याविरुद्ध सूचक भाषण केलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जनरलचा पक्ष तिसरा आला आणि ओझाल यांना ४५ टक्के मतांवर बहुमत मिळालं. ओझाल यांनी बाजार खुला केला आणि १९८९ मध्ये ते एव्रेन यांच्याच जागी राष्ट्राध्यक्ष झाले.

नव्वदचं दशक भराभर उरकतो, कारण त्यात नावं बदलतात आणि प्रश्न तेच राहतात. देमिरेल पुन्हा आले, ओझाल यांच्या निधनानंतर १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. तान्सू चिल्लेर पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. १९९१ ते २००२ मध्ये नऊ सरकारं, चलनवाढ आणि आग्नेयेत कुर्द संघर्ष. १९९६ मध्ये एर्बाकान चिल्लेरबाईंच्या पाठिंब्याने पंतप्रधान झाले आणि २८ फेब्रुवारी १९९७ च्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकीनंतर लष्कराने त्यांना चार महिन्यांत बाहेर काढलं. संविधान न्यायालयाने त्यांचा रेफाह पक्ष बंद केला, त्याजागी आलेला फझिलेतही बंद केला. म्हाताऱ्या नेतृत्वाची पकड अशी परस्पर सुटल्यावर तरुण गट वेगळा झाला आणि ऑगस्ट २००१ मध्ये त्यांनी ‘न्याय आणि विकास पक्ष’, म्हणजे आकेपे, स्थापन केला. म्होरक्या होता इस्तंबूलचा माजी महापौर एर्दोगान, एका सभेत कविता म्हटल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेला.

त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष अहमद नेजदेत सेझेर यांनी भर बैठकीत पंतप्रधान एजेवित यांच्या दिशेने संविधानाची पुस्तिका भिरकावली. एजेवित बाहेर आले आणि त्यांनी पत्रकारांना सांगून टाकलं की राज्यात गंभीर पेचप्रसंग आहे. बँका आधीच पोकळ झालेल्या होत्या; त्या दोन वाक्यांनी बाजार कोसळला आणि लिरा या चलनाचा दर बाजारावर मोकळा सोडावा लागला. पुढच्या वर्षी आघाडीतले राष्ट्रवादी नेते देवलेत बाहचेली यांनी मुदतपूर्व निवडणुकीची मागणी केली. ३ नोव्हेंबर २००२ च्या निकालात बाहचेलींचा स्वतःचा पक्षही १० टक्क्यांखाली गेला आणि एजेवित यांचा २२ टक्क्यांवरून १.२ वर. चिल्लेर यांचा पक्ष साडेनऊ टक्क्यांवर अडकला. सुमारे ४५ टक्के मतं वाया गेली. फक्त दोन पक्ष संसदेत पोचले आणि आकेपेला ३४ टक्के मतांवर ५५० पैकी ३६३ जागा मिळाल्या. दहा टक्क्यांची भिंत सेनापतींनी बांधली होती. तिच्या आत सर्वांत सुरक्षित बसले ते इस्लामवादी परंपरेतून आलेले एर्दोगान.

२००७ मध्ये हाच खेळ पुन्हा झाला. अब्दुल्ला गुल राष्ट्राध्यक्ष होऊ नयेत म्हणून लष्कराने रात्री आपल्या संकेतस्थळावर इशारा टाकला आणि न्यायालयाने ३६७ सदस्यांच्या उपस्थितीची अट पुढे करून मतदान रद्द केलं. एर्दोगान यांनी निवडणूक मुदतीआधी घेतली, ४६ टक्क्यांहून अधिक मतं मिळवली आणि गुल राष्ट्राध्यक्ष झालेच. शिवाय अशी अडवणूक पुन्हा नको म्हणून राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडायचा, असं सार्वमताने ठरलं. २०१४ मध्ये त्या थेट निवडणुकीत एर्दोगान पहिल्याच फेरीत जिंकले. माझ्या मते आजच्या अध्यक्षीय व्यवस्थेचा पाया २०१७ च्या सार्वमताआधीच, २००७ मध्ये घातला गेला होता. जुलै २०१६ चा फसलेला उठाव आणि त्यानंतरची आणीबाणी यांनी त्यावर मजला चढवला इतकंच. सार्वमताचा कौल ५१.४ टक्के. पूर्वी शत्रू असलेल्या बाहचेलींच्या पाठिंब्याशिवाय तो आकडा गाठणं कठीण होतं.

अध्यक्षीय पद्धतीत आघाड्यांची कटकट राहणार नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. प्रत्यक्षात निम्म्याहून एक मत जास्त हवं म्हटल्यावर ३४ टक्क्यांवर राज्य करण्याचे दिवस संपले आणि एर्दोगान यांना छोट्या मित्रांची गरज कायमची चिकटली. २०२३ मध्ये दुसऱ्या फेरीत ५२ टक्क्यांनी ते निभावलं. मार्च २०२४ च्या स्थानिक निवडणुकांत मात्र जेहेपे १९७७ नंतर प्रथमच देशात पहिल्या क्रमांकावर आला. त्याचा चेहरा, इस्तंबूलचे तेव्हाचे महापौर एक्रेम इमामओग्लू, यांची विद्यापीठाची पदवी १८ मार्च २०२५ रोजी रद्द झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ताब्यात घेण्यात आलं. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला पदवी हवीच, हे कलमही एव्रेन यांच्या संविधानातलं.

पुढची निवडणूक २०२८ मध्ये आहे. दोनच मुदतींची मर्यादा असल्यामुळे एर्दोगान यांना पुन्हा उभं राहायचं तर संसदेनेच ३६० मतांनी निवडणूक मुदतीआधी घ्यायला हवी, किंवा संविधान बदलायला हवं. २०२३ च्या निकालात त्यांच्या आघाडीच्या जागा होत्या ३२३. कुर्दसमर्थक डेम पक्षाकडे पन्नासहून अधिक आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये संसदेत उठून डेमच्या खासदारांशी हात मिळवायला गेले ते कुर्द राजकारणाचे सर्वांत कडवे विरोधक मानले गेलेले बाहचेली. मे २०२५ मध्ये पीकेके या सशस्त्र कुर्द संघटनेने स्वतःला विसर्जित करत असल्याचं जाहीर केलं.