संदर्भ द्यायला शिकवणं कुठून सुरू झालं आणि दहा टक्क्यांवर कसं येऊन थांबलं

आपल्याकडे पीएचडी करणाऱ्या कोणालाही सायटेशनबद्दल, म्हणजे संदर्भ देण्याबद्दल विचारा, पहिला आकडा येतो दहा टक्के. सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, दहाच्या आत आली की सुटलो. संदर्भ का द्यायचा, वाचणाऱ्याला तो काय कामाचा, हे त्याआधी कोणी नीट सांगितलेलंच नसतं बहुतेकांना, आणि यात पोरांचा दोष नाही, हे शिकवणं ज्या वाटेने आपल्यापर्यंत आलं ती वाट बघितली की कळतं असं का झालं.

मुळात हा प्रकार परीक्षेसाठी नव्हताच. १९व्या शतकात जर्मन विद्यापीठांत इतिहासाचे सेमिनार सुरू झाले, बर्लिनचे लिओपोल्ड फॉन रांके यांचं नाव त्यात सगळ्यात मोठं, तिथे विद्यार्थ्यांना मूळ कागदपत्रं वाचायला लावायचे आणि तू हे म्हणतोस ते कुठल्या कागदावरून, हे विचारायचे. तळटीप म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्या कोणालाही तोच कागद काढून पडताळता आला पाहिजे, बस एवढंच.

आज आपण कंसात आडनाव आणि साल टाकतो ना, ती पद्धत साधारणपणे १८८१ सालच्या एका निबंधापर्यंत मागे नेतात. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी बिनशंखाच्या गोगलगायीची अंडी कशी पक्व होतात, फलन कसं होतं यावर लिहिलं आणि त्यात वाक्यातच लेखकाचं नाव आणि साल दिलं, सविस्तर यादी शेवटी. विज्ञानात कोणी कधी म्हटलं याला महत्त्व असतं, आधीचं निरीक्षण कोणाचं नंतरचं कोणाचं, ते वाचता वाचता डोळ्यासमोर राहतं. हार्वर्ड स्टाईल हे नाव तिथलंच.

आपल्याकडे हे नव्हतं असं अजिबात नाही, हे मला ठासून सांगायचंय. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ मधली मूळ पत्रंच छापली, म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवू नका, पत्र वाचा. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं चालली, त्यातलं कुठलंही पान उघडा, वर श्लोक आणि खाली बारीक टायपात कोणत्या हस्तलिखितात कोणता शब्द वेगळा आहे त्याची खूण. संदर्भाची इतकी शिस्त जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. पण ती संशोधकाकडून संशोधकाकडे गेली, कॉलेजच्या वर्गात शिकवायचा विषय ती झालीच नाही.

वर्गात हे आणलं अमेरिकेने, आणि त्यामागे छपाईचा आणि टायपिंगचा खर्च होता. शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याने १९०६ ला आपल्या नियमांचं पुस्तक काढलं ते लेखक आणि छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी यांच्यातला गोंधळ संपवायला. १९२९ मध्ये मानसशास्त्राच्या एका जर्नलमध्ये सात पानांचा लेख आला, हस्तलिखित कसं तयार करायचं यावर, संपादकांनी एकत्र बसून ठरवलेला, आजचं एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचं संदर्भाच्या नियमांचं मॅन्युअल, त्यातूनच वाढलं. या सगळ्यात विद्यार्थी कुठेच नव्हता.

विद्यार्थ्याचा विचार केला केट टुराबियन यांनी. त्या प्राध्यापक नव्हत्या, शिकागो विद्यापीठात १९३० पासून प्रबंध सचिव होत्या, प्रत्येक प्रबंध मान्य व्हायच्या आधी त्यांच्या टेबलावरून जायचा. त्याच त्याच चुका रोज बघून त्यांनी १९३७ ला विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका तयार केली, समास किती, तळटीप कशी, सूची कशी. त्यांच्या नावाचं ते मॅन्युअल आजही चालतं. मला वाटतं या अख्ख्या इतिहासात सगळ्यात कमी श्रेय मिळालेली बाई हीच. पण त्याचबरोबर हेही खरं की इथून पुढे शिकवणं म्हणजे फॉरमॅट शिकवणं असं समीकरण झालं, कारण फॉरमॅट तपासता येतो आणि त्याला मार्क देता येतात.

एमएलए या अमेरिकेतल्या भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या संघटनेने १९५१ ला स्टाईल शीट, म्हणजे नियमांचं पत्रक काढलं, विद्यार्थ्यांचं हँडबुक १९७७ ला, आणि १९८४ ला तळटिपा सोडून कंसातल्या संदर्भाकडे वळले. टाईपरायटरवर पानाच्या तळाशी किती ओळी मोकळ्या ठेवायच्या याचा हिशोब ज्यांनी केलाय त्यांना यातला दिलासा कळेल. पुढे २००६ मध्ये झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं, फुकट, आणि कॉमा कुठे टाकायचा हे काम मशीनकडे गेलं. म्हणजे खरं तर तेव्हाच शिकवणाऱ्यांना मोकळं होऊन मूळ प्रश्नाकडे जाता आलं असतं.

आपल्याकडे झालं उलटंच. २०१८ मध्ये यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, प्लॅजरिझमचे (दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देण्याबद्दलचे) नियम आले, सिमिलॅरिटी दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, दहा ते चाळीसमध्ये दुरुस्ती करून परत द्या, चाळीस ते साठमध्ये एक वर्ष सादर करता येणार नाही, साठच्या वर रजिस्ट्रेशन रद्द. नियमात हेही आहे की श्रेय देऊन घेतलेला उतारा आणि संदर्भसूची मोजायची नाही, आणि सलग चौदा शब्दांपर्यंतची योगायोगाची जुळणी सोडून द्यायची. पण हा भाग वाचतो कोण, सगळ्यांच्या लक्षात राहिला आकडा. सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळवतं, विचार कोणाचा ते त्याला समजत नाही, त्यामुळे इंग्रजी पुस्तकातलं पान मराठीत उतरवून आपलं म्हणून दिलं तर रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो, आणि प्रामाणिकपणे लांब अवतरण देणारा मात्र घाबरून ते मोडून तोडून लिहितो.

मराठीत लिहिणाऱ्याचे प्रश्न तर अजून वेगळे, जुन्या पुस्तकावर फक्त शके १८२० छापलेलं असतं, इसवी सन काढायला ७८ मिळवायचे, पण शक बदलतो चैत्रात त्यामुळे माघ फाल्गुनातलं पुस्तक असेल तर ७९. एपीएचं मॅन्युअल पाठ असलेल्या पोरालाही हे कोणीतरी शेजारी बसूनच दाखवावं लागतं.

२०१९ च्या शेवटी यूजीसीने पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स सक्तीचं केलं, दोन क्रेडिट, तीस तास. चांगलं पाऊल होतं, मनापासून सांगतो. पण त्याच्या सहा भागांत नीतिशास्त्र आहे, ओपन अॅक्सेस (लेख सगळ्यांना फुकट खुले ठेवणं) आहे, गैरप्रकार आहेत, डेटाबेस आणि मेट्रिक्स (संशोधन मोजायचे आकडे) आहेत, संदर्भ कसा शोधायचा, वाचायचा आणि लिहायचा यावर स्वतंत्र भाग एकही नाही. आणि आता चार वर्षांच्या पदवीत ऑनर्स विथ रिसर्च घेणाऱ्यांना शेवटच्या वर्षी बारा क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करायचाय, म्हणजे विशीतली पोरं, पीएचडीच्या कोर्सवर्कच्या कितीतरी आधी, आणि त्यांच्या हातात एआय आहे जे कधीच न छापलेल्या लेखाचा संदर्भसुद्धा साल आणि पान नंबरासकट अगदी बिनचूक एपीएमध्ये लिहून देतं.