रूट कॅनलनंतरचं पथ्य: ही यादी आली कुठून?

रूट कॅनल करून बाहेर पडताना हातात गोळ्यांची चिठ्ठी असते आणि कानात एक यादी: बधिरपणा जाईपर्यंत काही खायचं नाही, दोन-तीन दिवस मऊ खायचं, गरम-थंड जपून, त्या बाजूनं चावायचं नाही. घरी पोचेपर्यंत या यादीला फाटे फुटतात. सासूबाई आंबट बंद करतात, शेजारच्या काकू भात सोडायला सांगतात, कारण भातानं पू धरतो, आणि कुणीतरी प्रेमानं आइस्क्रीम आणून ठेवतं. यातली पथ्यं वेगवेगळ्या काळांतली आहेत आणि त्यांतली बरीचशी रूट कॅनलसाठी सांगितलेलीच नव्हती.

सर्वांत जुना धागा सुश्रुतसंहितेत सापडतो. तिच्या चिकित्सास्थानात दाताच्या रोग्यानं आंबट फळं, थंड पाणी, रूक्ष अन्न, दात घासणं आणि फार कठीण पदार्थ वर्ज्य करावेत असं सांगितलं आहे. दुखऱ्या, जिवंत नस असलेल्या दाताला हे बहुतेक लागू पडतं. रूट कॅनल झालेल्या दाताची गोष्ट वेगळी आहे; त्याच्या आतली नस काढून पोकळी बुजवलेली असते. आज डॉक्टर त्याच दिवशी हलक्या हातानं ब्रश करायला सांगतात. आंबटाची भीती मात्र घराघरांत तशीच राहिली. भाताचं म्हणाल, तर पू होतो तो दाताच्या मुळातल्या जंतूंमुळे. गुरगुट्या भात, वरण, मुगाची खिचडी, कोकणातली पेज हे तर पहिल्या दिवसाचं सर्वांत सोयीचं जेवण. ते बंद करून पेशंटला उपाशी ठेवणं आणि त्यावर वेदनाशामक गोळी देणं, यात पोटाचंच नुकसान होतं.

दुसरा धागा दात काढण्याच्या काळातला. दुखऱ्या दातावर उपाय म्हणजे तो उपटणं, हे आपल्याकडे फार वर्षं चाललं आणि पाश्चात्त्य देशांतही वेगळं नव्हतं. 1910 नंतरची दोन-अडीच दशकं तिकडे तर अशी होती, की मुळाशी जंतू राहिलेला दात सांधेदुखीपासून हृदयविकारापर्यंत सगळं घडवतो असं मानून उपचार केलेले दातही काढून टाकत. साहजिकच पेशंटला द्यायच्या सूचना तयार झाल्या त्या दात काढल्यानंतरच्या. दात निघाला की हाडात खड्डा राहतो, त्यात रक्ताची गुठळी धरते आणि ती सुटली तर भयंकर ठणका लागतो. 1896 साली वर्णन झालेला हा प्रकार आज ‘ड्राय सॉकेट’ म्हणून ओळखला जातो. स्ट्रॉनं पिऊ नका, जोरानं चूळ भरू नका, थुंकू नका, थंड खा, हे सगळं त्या गुठळीला जपण्यासाठी आहे.

रूट कॅनलमध्ये खड्डाही नसतो आणि जपायला गुठळीही नसते. तरी स्ट्रॉची बंदी आणि आइस्क्रीमचा आग्रह दोन्ही जसेच्या तसे इकडे आले. ‘थंड’ या शब्दाची तर पुरती ओढाताण झाली. दात काढलेल्याला थंड खा, दात ठणकणाऱ्याला थंड टाळा; रूट कॅनलवाल्याला दोन्ही सांगणारी माणसं भेटतात. थंडाची कळ दाताच्या आतल्या नसेतून येते. ती नस पूर्ण निघाली, की त्या दाताला थंड कळतच नाही. काम पूर्ण झाल्यावरही गार पाण्यानं कळ येत असेल, तर ती शेजारच्या दाताची असते किंवा आत थोडी नस उरलेली असते. अशा वेळी पथ्य वाढवण्यापेक्षा डॉक्टरांना सांगणं महत्त्वाचं. मधुमेही माणसानं आइस्क्रीम आणि शिऱ्यावर दिवस काढण्याचं तर काहीच कारण नाही. दही-भात, उपमा, इडली, ताकात कुस्करलेली भाकरी हेही मऊच असतं.

खास रूट कॅनलची म्हणावीत अशी पथ्यं औषधं आणि साहित्य बदलत गेलं तशी आली. 1836 पासून दातात सोमल (आर्सेनिक) भरून नस मारायची पद्धत होती. त्यात दिवस जायचे. 1948 मध्ये लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन बाजारात आलं आणि काही मिनिटांत दात बधिर होऊ लागला. त्याबरोबर ओठ आणि जीभही काही तास बधिर राहतात. म्हणून लगेच चहा प्यायचा नाही (तोंड भाजतं आणि कळत नाही) आणि लहान मुलांकडे तर लक्षच ठेवायचं, कारण ती बधिर ओठ चावून चावून सुजवून घेतात. दुसरं कारण दाताचं छिद्र बुजवायला वर भरलेल्या तात्पुरत्या सिमेंटचं. पूर्वी ते झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलचं असे. दाताच्या दवाखान्याचा तो ओळखीचा वास त्याचाच. आता बऱ्याच ठिकाणी वापरतात ते तयार सिमेंट लाळेच्या ओलाव्यानं घट्ट होतं. तासभर काही खाऊ नका म्हणतात ते त्याला वेळ मिळावा म्हणून. मग चिक्की, रेवडी, तिळाची वडी, च्युइंगगम असे चिकट पदार्थ टाळायचे, कारण त्यांच्याबरोबर सिमेंटचा तुकडा निघून येतो आणि जंतूंना आत वाट मिळते.

1988 मध्ये निकेल-टायटॅनियमच्या लवचीक तारेपासून फाइल, म्हणजे दाताच्या मुळातली नळी घासून साफ करायची बारीक कानस, बनवण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. नव्वदच्या दशकात यंत्रावर फिरणाऱ्या फाइल आल्या आणि चार-पाच खेपांचं काम एक-दोन खेपांवर आलं. यामुळे पथ्याचे दिवस कमी झाले हे खरं, पण चावताना होणारी दुखरी जाणीव गेली नाही. दाताला हाडाशी बांधून ठेवणारा भोवतीचा अस्थिबंध जिवंतच असतो आणि सुजलेला असतो. अनेक अभ्यास एकत्र करून 2011 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार उपचाराआधी 81 टक्के लोकांना वेदना होत्या, 24 तासांनंतर 40 टक्क्यांना आणि आठवड्यानंतर 11 टक्क्यांना. ‘दोन-तीन दिवस मऊ खा’ हा सल्ला या दुखण्यासाठी आहे आणि तेवढ्यापुरता तो योग्य आहे.

घोटाळा होतो तो ‘कडक खाऊ नका’ या वाक्यापाशी. ते मऊ खाण्याच्या सल्ल्याला जोडूनच सांगितलं जातं, म्हणून पेशंट त्याचीही मुदत दोन-तीन दिवसच धरतो. खरं तर या दोन सूचनांची कारणं वेगळी आहेत आणि मुदतीही वेगळ्या.

नस काढलेला दात ‘मेलेला’ असतो, त्यात ओलावा राहत नाही, म्हणून तो वाळक्या फांदीसारखा ठिसूळ होतो, असं दंतवैद्यकात अनेक वर्षं मानत. 1972 मध्ये कुत्र्यांच्या दातांवरच्या एका अभ्यासात नस नसलेल्या दातांत ओलावा 9 टक्के कमी आढळला आणि या समजाला आधारच मिळाला. पुढे 1992 मध्ये माणसांच्या दातांच्या 23 जोड्या तपासल्या गेल्या, एका बाजूचा रूट कॅनल झालेला आणि दुसऱ्या बाजूचा तसाच, जिवंत. दोन्हींच्या ठिसूळपणात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. मग हे दात फुटतात ते कशामुळे? त्याचं उत्तर त्याआधीच, 1989 मध्ये मिळालं होतं. रूट कॅनलसाठी वरून पाडलेल्या छिद्रानं दाताचा ताठपणा जेमतेम 5 टक्के कमी होतो. पण किडीमुळे दोन्ही बाजूंच्या कडा गेल्या असतील, तर तो 63 टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे दात दुबळा होतो तो भिंती गेल्यामुळे, आणि त्या भिंती मऊ खाऊन परत येत नाहीत. दाढेवर कॅप, म्हणजे तिला झाकणारं कडक टोपण, बसेपर्यंत तिची अवस्था तीन दिवसांनंतरही तीच असते आणि तीन महिन्यांनंतरही तीच.

हा भेद आपल्या जेवणात फार महत्त्वाचा आहे. फुटाणे, चकली, सुपारी, ऊस, मटणाची नळी, कडक झालेल्या भाकरीचा काठ आणि तांदळात राहिलेला एखादा खडा. या शेवटच्या खड्यानं किती दाढा उभ्या चिरल्या असतील! चीर मुळापर्यंत गेली, तर उत्तम झालेलं रूट कॅनलही वाया जातं आणि दात काढावाच लागतो. 2002 च्या एका अभ्यासात कॅप न बसवलेले असे दात कॅपवाल्यांच्या तुलनेत सहापट वेगानं गमावले गेल्याचं दिसलं. पुढच्या दातांचं गणित निराळं आहे. त्यांच्या भिंती शाबूत असतील तर साधी पक्की फिलिंगही पुरते.

कॅप लगेच बसवायची की दात शांत झाल्यावर, यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. काही जण आठवडा-दोन आठवडे थांबतात. थांबायला हरकत नाही, पण त्या काळात काय खायचं नाही हे ठासून सांगायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं. 1985 पासून खुर्चीशेजारच्या यंत्रावर सिरॅमिक कोरून त्याच दिवशी दातावर बसवण्याची सोय सुरू झाली. आता ती मोठ्या शहरांतल्या काही दवाखान्यांत मिळते. तिथे कठीण पदार्थांची बंदी काही तासांवर येते. तालुक्याच्या गावी माप शहरातल्या लॅबला जातं, कॅप परत यायला दिवस लागतात. खर्चही रूट कॅनलपेक्षा वेगळा असतो, म्हणून ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं ठरतं. दुखणं तर थांबलेलंच असतं. त्या बाजूनं पुन्हा शेंगदाणे खाल्ले जाऊ लागतात, तात्पुरतं सिमेंट झिजत जातं, आणि नस काढलेली असल्यामुळे ते झिजल्याची कळही येत नाही.