फोव्हियाचा खळगा आणि नावाचा घोळ

अल्बिनिझममध्ये, म्हणजे जन्मतःच रंगद्रव्य कमी किंवा नसण्याच्या अवस्थेत, कमी दिसतं ते डोळ्यांत जास्त उजेड शिरल्यामुळे, हे जुनं स्पष्टीकरण अजून ऐकू येतं. बाहुलीभोवतीच्या फिक्या पडद्यातून उजेड आरपार येतो आणि डोळे दिपतात, हे खरंच. पण काळा चष्मा लावला म्हणून फळ्यावरची अक्षरं स्पष्ट होत नाहीत. मूल वही नाकाशी नेऊनच वाचतं, मान तिरकी करून.

1851 नंतर डोळ्याच्या आत डोकावता येऊ लागलं, पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची गोष्ट कळली ती सयामी मांजरांमुळे (त्यांच्यातही एक प्रकारचा अल्बिनिझम असतो), 1960 च्या दशकाच्या अखेरीस. एरवी प्रत्येक डोळ्याचे निम्म्याच्या आसपास तंतू त्याच बाजूच्या मेंदूत राहतात. या मांजरांत त्यातलेही बरेच पलीकडे जात होते. माणसांतही तसंच असल्याचं 1970 च्या दशकात दिसलं. खोलीचा अंदाज चुकण्यामागे हेही एक कारण.

खरा घोळ झाला तो फोव्हियाच्या नावावरून. फोव्हिया म्हणजे दृष्टिपटलाच्या मधोमध असलेला खळगा, सर्वांत बारीक दिसतं ती जागा. अल्बिनिझममध्ये तो उथळ असतो किंवा नसतोच, म्हणून ‘हायपोप्लाझिया’, म्हणजे अपुरी वाढ. 1991 मध्ये ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्याची प्रतिमा घेणारी तपासणी, आली आणि दृष्टिपटलाचे थर उभ्या छेदात दिसू लागले. मग खळगा नसूनही बऱ्यापैकी वाचणारी माणसं सापडली. 2008 मध्ये सुचवलं गेलं की याला नुसतं ‘फोव्हिया प्लॅना’, सपाट फोव्हिया, म्हणावं. खळगा म्हणजे दृष्टी नव्हे. मला ही सूचना पटते. खळग्यापेक्षा तिथल्या शंकुपेशी, म्हणजे बारकावे आणि रंग टिपणाऱ्या पेशी, किती लांबट झाल्या आणि किती दाटीने बसल्या, यावर जास्त अवलंबून असतं. नाव मात्र रुळलं नाही. 2011 च्या प्रतवारीने ‘हायपोप्लाझिया’च ठेवलं, पण पायऱ्या लावताना खळग्यासोबत शंकुपेशींची लांबी आणि त्यांच्या केंद्रकांच्या थराची जाडीही धरली. म्हणजे मुद्दा मान्य, शब्द अमान्य!

पुढे हातात धरायच्या ओसीटीने तान्ह्या बाळांचे डोळे तपासता आले. अल्बिनिझममध्ये फोव्हियाची वाढ जन्मानंतरही चालू असते, फक्त संथ आणि अर्धवट, असं त्यात दिसलं. रिपोर्टवर आजही ‘फोव्हिअल हायपोप्लाझिया, ग्रेड 3’ असंच छापून येतं.