कल्पना येणं आणि कल्पना करणं

वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला गेलं की कुत्रेवाल्यांच्या घोळक्यात हे संभाषण ठरलेलं असतं. कुणीतरी कौतुकानं सांगतं, "आमच्या शेरूला संध्याकाळी बरोब्बर कल्पना येते, बाबा कोपऱ्यावर आलेत म्हणून. आणि म्हणे प्राण्यांना कल्पनाशक्ती नसते!" पहिलं वाक्य खरं आहे. त्यावरून दुसरं मात्र निघत नाही. हे इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहूनच टाकते.

गोंधळाचं मूळ आपल्या भाषेतच आहे. कल्पना येणं आणि कल्पना करणं, दोन्हीकडे शब्द एकच. पण येते ती बाहेरून, आणि करतो ती आपण.

येण्याबद्दल फार सांगायला नको, घरात कुत्रं-मांजर असलेल्यांना ते पाठ असतं. स्कूटरचा आवाज, खुंटीवरचा पट्टा हलल्याची खणखण, फ्रीजचं दार. खूण मिळते आणि पुढे काय येणार ते कळतं. पावलोव्हनं रशियात कुत्र्यांची लाळ मोजून हेच दाखवलं. याला मराठीत फार सुंदर शब्द आहे: चाहूल. शेरूला चाहूल लागते. एवढं म्हटलं तर निम्मे वाद मिटतील आणि शेरूचा मान तसूभरही कमी होणार नाही.

झोपेत पाय झाडणाऱ्या कुत्र्याचा दाखलाही कुणी ना कुणी देतंच. तेही बाजूला ठेवा. प्राण्यांना स्वप्नं पडत असावीत, हे मला मान्य आहे. पण स्वप्न पडतं, आपण ते पाडत नाही. आणि ते चालू असताना सगळं खरंच वाटतं.

आता करणं. इथे दोन पायऱ्या आहेत आणि बहुतेकजण पहिलीवरच थांबतात.

पहिली पायरी म्हणजे समोर नसलेली गोष्ट आपणहून मनात आणणं. मेंदूतल्या हिपोकॅम्पस या भागात जागेगणिक वेगवेगळ्या पेशी जाग्या होतात, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांत दाखवलं. २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच होता. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात या पेशींचाच उपयोग केला गेला. उंदराला एका मोठ्या चेंडूवर चालवलं, समोर पडद्यावर दृश्य सरकत होतं, आणि कुठल्या जागी कुठल्या पेशी जाग्या होतात याची नोंद झाली. मग चेंडू आणि पडदा यांचा संबंध तोडला. आता पाय कितीही हलवले तरी उपयोग नव्हता. उंदराच्या मेंदूत ज्या जागेचा नमुना उमटेल, तिकडेच दृश्य सरकणार. उंदरांना ते जमलं. ठरलेल्या जागेचा नमुना त्यांनी कित्येक सेकंद धरूनही ठेवला. ही नुसती चाहूल नव्हे. "प्राण्यांचं सगळं सवयीचं असतं" म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग मुद्दाम समजून घ्यावा, कारण त्यांचाही मला तितकाच कंटाळा आलाय.

दुसरी पायरी अवघड. मनात आणलेली गोष्ट खरी नाही, हे ठाऊक असणं.

भातुकली आठवा. चार वर्षांची नात रिकाम्या कपातून चहा देते, आजोबा सुर्र करून पितात, "साखर कमी झाली गं" म्हणतात, ती वरून चिमूटभर हवा टाकते. पण खरोखर तहान लागली की तीच मुलगी उठून माठाकडे जाते. कपात चहा आहे आणि नाहीही, हे दोन्ही ती एकाच वेळी सांभाळते. माझ्या मते कल्पना करणं हे पुरतं इथेच होतं.

आता टेकडीवरचा दुसरा आवडता पुरावा. चेंडू फेकल्यासारखा नुसता हात फिरवायचा, कुत्रा धावत सुटतो, मालक म्हणतो, बघा, चेंडूची कल्पना केली त्यानं! नाही हो. तो फसला. चेंडू खरंच गेलाय असं त्याला वाटलं, म्हणून तो गवत हुंगत फिरतोय. फसणं आणि खोटं-खोटं खेळणं, बाहेरून दिसायला अगदी सारखं. आत मात्र नेमकं उलटं, कारण फसलेल्याला खोटं ठाऊकच नसतं.

म्हणूनच कान्झीवरचा प्रयोग मला इतका महत्त्वाचा वाटतो. कान्झी हा बोनोबो, म्हणजे चिंपांझीचा अगदी जवळचा नातलग. या प्रयोगाचे निष्कर्ष २०२६ मध्ये प्रसिद्ध झाले. कान्झीपुढे दोन रिकामे पारदर्शक पेले ठेवले. रिकाम्या भांड्यातून दोन्हीत सरबत ओतल्याचा अभिनय केला, मग एका पेल्यातलं परत भांड्यात ओतल्याचा. सरबत कुठे आहे? बहुतेक वेळा त्यानं 'भरलेला' पेला दाखवला. चुकलाही, पण अंदाजपंचे उत्तरं दिली असती तर जमलं असतं त्याहून जास्त वेळा बरोबर आला.

चेंडूमागे धावणाऱ्या शेरूचा विचार केलात तर शंका लगेच येईल: कान्झीही फसला असेल तर? संशोधकांनी तेही तपासलं. एका पेल्यात खरं सरबत, दुसऱ्यात खोटं-खोटं, कुठला हवा? बहुतेक वेळा त्यानं खरा मागितला. नात उठून माठाकडे गेली, तसंच.

हा एकच बोनोबो होता, आणि लहानपणापासून माणसांत वाढलेला. चिन्हांच्या फळीवर बोट ठेवून तो माणसांशी बोलायचा. मार्च २०२५ मध्ये, ४४ व्या वर्षी तो गेला. रानातल्या बोनोबोलाही हे जमेल, असं त्यावरून म्हणता येत नाही. शेरूला जमेल असं तर मुळीच नाही. शेरूला कुणी तो दुसरा पेला देऊन पाहिलेलाच नाही.