ऑइल गळतंय? मग गाडी धुऊन आणू नका

(जुनी बुलेट, येझदी, यामाहा आरएक्स आणि शंभर सीसीच्या गाड्या आमच्याकडं आणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी)

गाडी गॅरेजला न्यायची म्हणजे आधी धुवायची, ही आपल्याकडची रीतच आहे. मिस्त्रीला चिखलात हात घालायला लागू नये, हा त्यातला भाव आम्हाला कळतो. बाकी कुठल्याही कामाला गाडी धुऊन आणलीत तर बरंच वाटतं. फक्त ऑइल गळतंय म्हणून येणार असाल, तर आहे तशी आणा. गगनबावड्याची लाल माती चिकटलेली असली तरी चालेल. उलट तीच हवी आहे.

इंजिनवर ऑइल आणि धूळ मिळून मळी बसते. ऑइल कुठून निघालं, इंजिनच्या कुठल्या फिनवरून (पात्यावरून) उतरलं आणि कुठं जाऊन टपकलं, हे सगळं त्या मळीत दिसतं. परवाच एक बुलेट आली. मालकाचं म्हणणं, डावीकडून क्लच कव्हर गळतंय. खाली कव्हर ओलं होतं, खरंच. पण बॅटरी मारून वर बघितलं तर हेडजवळच्या काळ्या मळीत बोटभर रुंदीची एक चकचकीत रेघ पडली होती. ती सुरू होत होती रॉकरला ऑइल नेणाऱ्या नळीच्या बोल्टपाशी. तांब्याचे दोन वॉशर लाल होईपर्यंत तापवले, गार करून नरम झाले तसे परत बसवले, काम संपलं. हीच गाडी वॉशिंग सेंटरवरून प्रेशर मारून आली असती तर रेघ गेली असती आणि आम्ही क्लच कव्हर उघडत बसलो असतो. पैसे तुमचे, वेळ दोघांचा.

धुतलेली गाडी आली की काय होतं ते सांगतो. इंजिन कोरडं ठणठणीत असतं. दारात अर्धा तास चालू ठेवलं तरी एक थेंब पडत नाही. मालक म्हणतो, "काल तर गळत होतं." गळतच असणार. पण जुन्या इंजिनाची बरीचशी गळती गाडी पुरती तापली आणि चढाला लागली की मगच सुरू होते. मग आम्हाला गाडी पन्हाळ्यापर्यंत न्यावी लागते, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, आणि रात्रभर उभी करून सकाळी परत बघावं लागतं. "एवढ्याशा कामाला दोन दिवस कशाला ठेवता?" हा प्रश्न आम्हाला सारखा येतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा आदल्या दिवशीच्या धुण्यात असतं.

धुवायची असते, पण ती आम्ही धुतो. आधी मळी वाचायची, फोटो काढायचे, मग डिझेलनं आणि ब्रशनं इंजिन साफ करायचं, हवेनं कोरडं करायचं आणि संशय असेल त्या जोडांवर साधी टाल्कम पावडर उडवायची. गाडी फिरवून आणली की पावडर जिथं पहिल्यांदा काळवंडते, तिथं गळती. घरी करून बघायला हरकत नाही, फक्त रांगोळी वापरू नका. एकानं वापरली होती. रांगोळी म्हणजे दगडाचा भुगा, तो चेनमध्ये गेला आणि गळतीबरोबर चेनचंही काम निघालं.

स्वतः बघणार असाल तर एवढं धरून चाला की ऑइल खाली उतरतं आणि वाऱ्यानं मागं जातं. ओल दिसते त्याच्या वर आणि पुढं बघत जायचं, सगळ्यात वरची ओली जागा सापडेपर्यंत.

घरच्या घरी करण्यासारखं, आणि आमचा अर्धा दिवस वाचवणारं काम म्हणजे पुठ्ठा. रात्री गाडी मेन स्टँडवर लावा, साइड स्टँडवर नको. खाली मोठा पुठ्ठा सरकवा, त्यावर पुढचं चाक कुठल्या बाजूला आहे आणि स्टँडचे दोन पाय कुठं टेकलेत ते पेननं आखा. सकाळी थेंबांभोवती गोल करा आणि पुठ्ठा घेऊन या. रंग आणि वाससुद्धा आम्हाला कामाला येतो. इंजिन ऑइल काळं असतं आणि त्याला जळका वास येतो, गिअर ऑइलचा वास उग्र, गंधकासारखा. पातळ असून लगेच उडून गेलं तर ते कार्बोरेटरचं पेट्रोल. पुढच्या चाकाजवळ पडलं असेल तर फोर्कचं सील बघायचं, इंजिनचा संबंध नाही. मागच्या टायरजवळचे थेंब कित्येकदा तुम्ही चेनला मारलेल्या ऑइलचे असतात. अशीही गाडी आली होती, पैसे न घेता परत पाठवली.

आता बुलेटवाल्यांसाठी, म्हणजे कास्ट आयर्न इंजिनवाल्या जुन्या बुलेटसाठी. तुमच्या निम्म्या गळत्या गळत्या नसतात, जास्त ओतलेलं ऑइल असतं. या इंजिनात ऑइलची टाकी इंजिनच्या अंगातच आहे. पंप झिजला आणि गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल हळूहळू क्रँकच्या पोटात उतरतं. रविवारी तुम्ही डिपस्टिक काढता, ती कमी दाखवते. तुम्ही अर्धा लिटर ओतता. किक मारल्यावर पंप खालचं सगळं ऑइल परत टाकीत ओढतो, टाकीत जागा नसते, आणि ते ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून मागं फेकलं जातं. मग फोन येतो की इंजिन फुटलं. म्हणून गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, बंद करा, मिनिटभर थांबा आणि मेन स्टँडवर असतानाच डिपस्टिक बघा. गार इंजिनावर बघून कधीही ओतू नका.

क्लच कव्हरचा एकच मोठा नट असतो, तोही लोक ताकद लावून आवळतात. कव्हर वाकतं आणि रबर नीट दबत नाही. आवळून गळती थांबली असती तर कोल्हापुरात तालमी आहेत, गॅरेज लागलंच नसतं.

ब्रीदरच्या तोंडाला हात लावून बघा. थोडी फुसफुस असणारच. पण हातावर जोरात हवा आणि ऑइलचा फवारा येत असेल, सायलेन्सरला निळा धूर असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्यात चालतो तो सिलेंडर) गेलेत. इंजिनच्या पोटात दाब साठतो आणि तो सगळ्यात कच्च्या जोडातून ऑइल बाहेर ढकलतो. अशा गाडीचं एक पॅकिंग बदललं की महिन्याभरात दुसरं गळतं. आम्ही हे तोंडावर सांगतो आणि काही जण नाराज होऊन जातात. जातात ते जाऊ देत. बोअरचं काम मोठं आहे, पण उद्यमनगरातल्या लेथवर ते जसं होतं तसं व्हायला गाडी दुसऱ्या गावाला पाठवायची गरज नाही.

येझदी आणि आरएक्सवाल्यांचं, म्हणजे टू-स्ट्रोकवाल्यांचं उलटं. फरशी कोरडी, पण गिअर ऑइल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघतोय, तर ऑइल बाहेर गळत नाही, आत जातंय. क्लचच्या बाजूचं क्रँकचं सील कडक झालंय. जुनी आरएक्स हंड्रेड १९९६ ला बंद झाली आणि येझदीचा म्हैसूरचा कारखानाही त्याच साली. गाडी शेडमध्ये झाकून ठेवलीत तरी रबराचं वय वाढतंच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या होत्या, त्यांनी सील अजून बदलली नसतील तर एकदा बघून घ्या. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी चालूच करू नका.

शंभर सीसीच्या गाड्यांना विशेष काही नसतं. मॅग्नेटोच्या बाजूला गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील, पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील, नाहीतर हेड कव्हरचं रबर. तासाभराचं काम.

सिलिकॉन मात्र लावू नका. बाहेर जेवढं फुगून दिसतं तेवढंच आतही फुगलेलं असतं, ते सुटून ऑइलबरोबर फिरतं. एका बुलेटच्या फिल्टरमधून आम्ही शेवयांसारखे तुकडे काढलेत, मापानं चमचाभर. आम्ही पॅकिंग कागद कापून किंवा कंपनीचं लावतो. जोडाचा फेस (पॅकिंग बसतं ती सपाट बाजू) वाकडा असेल तर काचेवर पाणीपेपर ठेवून घासून घेतो. याला वेळ लागतो आणि वीस मिनिटांत पॅकिंग बदलून देणाऱ्यापेक्षा बिल थोडं जास्त होतं.

गळती शोधण्याचे ३०० रुपये घेतो, पेट्रोल तुमचं. काम आमच्याकडं केलंत तर हे ३०० बिलातून वजा. मळीसकट आणि पुठ्ठ्यासकट आलात तर बहुतेक वेळा गाडी त्याच दिवशी मिळते. आणि जुन्या बुलेटखाली रात्रीत एखादा थेंब पडत असेल तर आम्हीच सांगू, राहू दे, पातळी बघत चला. अपवाद एकच. ऑइल मागच्या टायरवर किंवा ब्रेकच्या ड्रमवर येत असेल तर गाडी चालवत आणू नका, फोन करा, आम्ही टेम्पो पाठवतो.

सोमवारी बंद. बाकी दिवशी सकाळी दहाच्या आत आलात तर इंजिन गार असताना बघता येतं, म्हणून शक्यतो तेव्हाच या.